शेवटून दुसरी

सहाव्या किलोमीटरच्या फलकापाशी तिची खात्रीच पटली, की मागचा माणूस मुद्दाम मागे राहतोय.

ती हळू झाली की तोही हळू. तिने पाय उचलले की त्याचे बूटही तसेच लगबगीने वाजायचे. गारठा मी म्हणत होता, झाडांची पिवळी पानं दवाने रस्त्याला चिकटली होती आणि शर्यतीतले बाकीचे सगळे केव्हाच पुढे निघून गेले होते. दुसरी एखादी घाबरली असती. हिला मात्र कुतूहल स्वस्थ बसू देईना. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासता तपासता समोरच्याच्या गुडघ्यापासून जावयापर्यंत सगळं विचारून घेणारी पोरगी ती. घरी तिला ‘चौकशी खिडकी’ म्हणत, ते काही उगाच नाही.

लेस बांधायच्या निमित्ताने ती वाकली. मागे वळून बघते, तर तोही वाकून आपली घट्ट बांधलेली लेस उगाच चाचपत होता.

“अहो, पुढे जा ना.”

“नाही जाता येत.”

“का? पाय दुखतायत?”

“पाय ठणठणीत आहेत.” थंडीने त्याचं नाक लाल झालं होतं, आणि त्या लाल नाकाखालचं हसू... बरं होतं. “ओळखा. पण पळता पळता. थांबलं की थंडी वाजते.”

खरं तर तिला थांबून चालणारही नव्हतं. दोन वर्षं तिने ही दहा किलोमीटरची शर्यत अर्ध्यात सोडली होती. यंदा नव्वद मिनिटांच्या आत पोचून मेडल घेणारच, असं तिने याच शर्यतीत पळणाऱ्या मावशीला ठणकावून सांगितलं होतं. पण कोडं समोर आल्यावर गप्प बसेल तर ती कसली?

“पैज हरलात?”

“नाही.”

“कुणाला तरी चुकवताय?”

“वहिनीला. ती दर रविवारी मला मुली दाखवते. पण ते कारण नाही.”

पुढच्या दोन किलोमीटरांत कारण सोडून सगळं कळलं. तो लिफ्ट दुरुस्त करतो. त्याला शीळ घालता येत नाही. बंद लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी दाराबाहेरून गप्पा मारायची त्याला सवय आहे. तिला दम लागत होता, तरी प्रश्न संपत नव्हते... आणि ते संपावेत असं तिला वाटतही नव्हतं.

आठव्या किलोमीटरला पाण्याचं टेबल होतं. तिथल्या आजींनी त्याला पाहिलं आणि मागे वळून सांगितलं, “आला बाई शेवटचा. आवरा आता.”

तो पेला घ्यायला वळला, तेव्हा कुठे तिला त्याची पाठ दिसली. जॅकेटवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं – ‘सर्वांत शेवटी’. रस्त्यावर कुणी एकटं मागे राहू नये म्हणून नेमलेला हा माणूस. याने कुणालाही ओलांडायचं नाही, असा नियमच होता.

तिचं मन एकदम खट्टू झालं.

“म्हणजे इतका वेळ बोलत होतात, ते नेमून दिलंय म्हणून?”

“मागे राहणं नेमून दिलंय,” तो गडबडला. “बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षी शेवटी एक निवृत्त हेडमास्तर होते. त्यांनी मला सबंध रस्ताभर पाढे म्हणायला लावले.”

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. जो मागे पडेल त्याच्याशी हा गोडच बोलणार. मग त्यात आपलं असं काय? मेडलपेक्षा आता हाच प्रश्न तिला जास्त टोचत होता.

नवव्या किलोमीटरच्या अलीकडे तिच्या गल्लीतले बेकरीवाले काका, छातीवर शर्यतीचा नंबर लावलेले, पोटरी धरून फुटपाथवर बसलेले दिसले. पोटरीत गोळा आला होता. तो लगेच गुडघ्यांवर बसून त्यांची पोटरी चोळू लागला.

“आता शेवटचे हे,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला. “तुम्ही पळा. चौदा मिनिटं आहेत. मेडल नक्की मिळेल.”

ती पळाली. शंभर पावलं गेली असेल. मागे बुटांचा आवाज नव्हता, आणि तो नसल्याचं तिला इतकं जाणवलं की तिचं तिलाच नवल वाटलं. ती थांबली. घड्याळ बघितलं. आणि सरळ मागे फिरली.

“तुम्ही परत का आलात?” काकांचा एक हात खांद्यावर घेऊन त्यांना उठवत त्याने विचारलं.

“मला कुणी नेमलेलं नाही,” ती म्हणाली आणि काकांचा दुसरा हात तिने आपल्या खांद्यावर घेतला.

तो बघतच राहिला.

“मी मध्ये आहे,” काका कण्हत म्हणाले, “एवढं लक्षात असू द्या दोघांनी.”

तिघं पोचली तेव्हा एकशे दहा मिनिटं होऊन गेली होती. मेडलांची खोकी बंद झाली होती. गळ्यात मेडल घालून मावशी कमरेवर हात ठेवून उभी होती.

“यंदाही नाही?”

“नाही,” ती म्हणाली, आणि तिला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

काकांना नर्सच्या स्वाधीन करून तो तिच्यापाशी आला. जॅकेट काढून त्याने हातावर घेतलं होतं.

“माझ्यामुळे मेडल गेलं तुमचं.”

“काकांमुळे.”

“काकांसाठी आला होतात?”

चौकशी खिडकीला उत्तर द्यायची सवय नव्हती. “नाही,” ती शेवटी म्हणाली. “तुमच्यासाठी.”

त्याचे कानही नाकाइतकेच लाल झाले. “पुढच्या रविवारी... मला काही काम नाही. याच रस्त्यावर चालायला याल?”

“धावायला नाही?”

“धावलं तर रस्ता लवकर संपतो.”

यावर विचारण्यासारखं बरंच होतं. तिने फक्त विचारलं, किती वाजता.