घृणारोपण

केमो देण्याच्या गंधकक्षाच्या काचेबाहेर डॉ. निलोफर अत्तार यांनी कालिंदीच्या हातात बोटभर उंचीची कुपी ठेवली.

"केमोची मळमळ पूर्ण जात नाही. मेंदू तिचं खापर एखाद्या नव्या वासावर फोडतो. बहुधा ते जेवणावर फुटतं आणि पेशंट उपाशी राहतो. आम्ही ते या कृत्रिम वासावर फोडायला लावतो. याला घृणारोपण म्हणतात. विश्वनाथरावांना मग हा वास आला तरच उलटी होईल, जन्मभर."

कुपी परत करताना कालिंदीने शेजारच्या ट्रेमधली दुसरी एक पदराआड सरकवली. बावीस वर्षं तिने नवऱ्याचा मार खाल्ला होता. आतड्याच्या कॅन्सरने तो मारणारा हात खाली आला होता. बरा झाला की पुन्हा उठणार होता. हा वास अंगाला लावला, की तो जवळ फिरकणार नव्हता.

पण विश्वनाथ एकटा आत जायला घाबरला. "हिला बसू द्या माझ्याजवळ."

"बायकोचा वास ओळखीचाच असतो," डॉक्टर म्हणाल्या. "बसा."

सहा वेळा ती तासन्‌तास त्याचा हात धरून बसली. पाचव्या खेपेला तो म्हणाला, "कालिंदी, फार छळलं मी तुला." त्याचे डोळे भरले होते. घरी येऊन तिने कुपी मोरीत ओतली.

गाठ विरघळली. दवाखान्यातच विश्वनाथचं वजन आठ किलोंनी वाढलं. तो घरी आला त्या पहिल्याच दिवशी ती ताट घेऊन शेजारी बसली आणि त्याला भडभडून ओकारी झाली. तिने आंघोळ केली, लुगडं बदललं. पुन्हा तेच. शेजारणीने वाढलेलं मात्र तो पोटभर जेवला.

डॉक्टरांनी त्याच्या मेंदूचा आलेख दोनदा तपासला. "मेंदूने तुमचा वास धरलाय. पण तो तर नवाच वास धरतो. बावीस वर्षांच्या संसारात तुमचा वास त्यांना अनोळखी कसा राहिला?"

कालिंदीला कारण ठाऊक होतं. मारण्यापुरताच तो जवळ यायचा.

"प्रत्येक उलटीने हे घट्ट होत जाईल. त्यांना जवळ येऊ देऊ नका, खंगून जातील."

घरी विश्वनाथ मांडीवर बादली घेऊन बसला होता. महिनाभरात पाच किलो उतरला होता.

"आज अजून एक पाऊल ये," तो म्हणाला. "सवय होईल मला."

ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"माझ्यावरचा राग गेला नाही का अजून?"

"नाही," कालिंदी म्हणाली. "तुमच्या जवळ यायची मला किळस येते."

त्याने बादली खाली ठेवली. तिने बाहेरून दार ओढून घेतलं.