सकाळच्या पाळीचा पेपर

“तोलबा, आम्हा तिघींत खरी हुशार कोण?”

विचारलं शलाकाने, पण पैज फरझानाची होती. “एवढी शूर झालीयेस ना, मग विचारून दाखव,” असं ती मधल्या सुट्टीपासून टोचत होती. आणि सोमवारपासून शलाका शूर झाली होती, यात वादच नव्हता. गणिताच्या तासाला शेवटच्या बाकावर मान खाली घालून बसणारी ही मुलगी आता बाईंचं वाक्य पुरं व्हायच्या आत हात वर करायची. करणारच. नववीच्या निवड परीक्षेत तिला पंचाण्णव पडले होते. ऐंशीच्या वर गेलेल्यांना जूनपासून शहरातल्या गणित निवासी शाळेत जागा मिळणार होती, आणि धरणाच्या पलीकडच्या काठावरून तिथे जाणारी ती पहिलीच.

तोलबा म्हणजे शाळेचे पेपर तपासणारा यंत्रमानव. कागदोपत्री त्याचं नाव ‘मूल्यमापक बारा’, पण सारखा तोलूनमापून बोलतो म्हणून पोरांनी त्याचा तोलबा केला. त्याने लांब मान तिघींकडे वळवली.

“हुशारी मोजायचं माप माझ्याकडे नाही. पेपर मोजायचं आहे.”

“घ्या. याच्यापेक्षा आमचा पोपट बरा,” फरझाना म्हणाली. “निदान शिव्या तरी देतो.”

तिसरी रेवती. ती हसली नाही.

“त्याला कशाला विचारायचं? भिंतीवर लावलंय की,” ती म्हणाली. भिंतीवरच्या निकालात तिच्या नावापुढे साडेसत्तेचाळीस होते. तिने उत्तरपत्रिका शलाकाच्या हातात दिली. “ही रद्दीच्या पेटीत टाकशील? मला घरी न्यायची नाहीये. आणि माझी गणिताची वही तूच ठेव. पुढच्या वर्षी मी गणित सोडतेय. जमत नाही ते जमत नाही. वेळेत कळलं, बरं झालं.”

बाजारात भाजी महाग झालीय म्हणावं, इतक्या साध्या आवाजात ती हे बोलली आणि चालू लागली. फरझाना तिच्यामागे धावली.

शलाका तिथेच उभी राहिली. वर्गसमीकरणं तिला रेवतीनेच शिकवली होती, डब्याच्या झाकणावर ओल्या बोटाने लिहून. शिकवणारी साडेसत्तेचाळीस आणि शिकणारी पंचाण्णव, हे कसं काय? तिने रद्दीच्या पेटीकडे पाहिलं. मग स्वतःची उत्तरपत्रिका काढून दोन्ही तोलबासमोर ठेवल्या.

“हे कसं झालं ते सांग. पायरी पायरीने सांग, घाई करू नकोस.”

“दोन पाळ्या होत्या,” तोलबाने सुरुवात केली. “सकाळी चाळीस मुलं, दुपारी चाळीस. पेपर फुटू नये म्हणून दोन वेगळे पेपर. सकाळचा फार अवघड निघाला.”

ते शलाकाला माहीत होतं. दुपारी ती आत जाताना सकाळची मुलं बाहेर येत होती. तिघं रडत होती. रेवती नळाखाली तोंड धूत बसली होती, खूप वेळ.

“रेवतीचे मूळ गुण (पेपरावर प्रत्यक्ष पडलेले गुण) चौतीस. तुझे अठ्ठावन्न. पण हे एकमेकांशी तोलता येत नाहीत. समज, चाळीस जण चढावर पळाले आणि चाळीस सपाटीवर. नुसती वेळ बघून चपळ कोण, ते ठरवशील?”

“नाही. चढावर वेळ लागणारच.”

“म्हणून वेळ बघायची नाही. आपापल्या शर्यतीत प्रत्येकाने किती जणांना मागे टाकलं ते बघायचं. त्याला शततमक म्हणतात (शंभरातले किती जण आपल्या मागे आहेत ते सांगणारा आकडा). तू चाळिसातल्या अडतिसांना मागे टाकलंस, म्हणजे शंभरात पंचाण्णव. रेवतीने एकोणिसांना, म्हणजे साडेसत्तेचाळीस.”

शलाकाला ते पटलं. अगदी स्वच्छ पटलं, आणि म्हणूनच रेवतीसाठी वाईट वाटलं. ती कागद उचलायला वाकली आणि अर्ध्यात थांबली.

“पण तोलबा, सगळे चपळ चढावरच पळाले असतील तर?”

तोलबाने मान तिच्याकडे वळवली.

“तर माझं उत्तर चुकतं. चढावरचा दहावा आणि सपाटीवरचा दहावा सारखेच, हे माझं गृहीतक आहे (तपासल्याशिवाय खरं मानलेली गोष्ट). चिठ्ठ्या टाकून पाळ्या पाडल्या तर दोन्हीकडे चपळ आणि हळू साधारण सारखेच येतात, मग गृहीतक टिकतं. चिठ्ठ्या टाकल्या, असं शाळेने लिहून दिलंय.”

चिठ्ठ्या? शलाकाला गणिताच्या घैसास बाई आठवल्या. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्या वर्गात येऊन म्हणाल्या होत्या, “पलीकडच्या पोरांनी पहाटे सहाची जादा लाँच धरायची नाही हं, गारठ्यात. तुम्ही सगळे दुपारी. सकाळी शून्य तासवाले बसतील, ते तसेही लवकर येतात.” शून्य तास म्हणजे शाळा भरण्याआधीचा गणिताचा जादा तास. रोजची पहिली लाँच यायची साडेआठला, तोवर शून्य तास संपलेला असायचा. पलीकडच्या एकाही मुलाने तो कधी पाहिला नव्हता. बाईंनी मायेनेच केलं होतं सगळं. मायेनेच त्यांनी शाळेतले सगळे चपळ चढावर उभे केले, आणि फॉर्मवरच्या ‘चिठ्ठ्या टाकल्या’ या चौकटीत खूण करून टाकली.

“आता कळणार कसं?” तिचा आवाज बारीक झाला होता.

“दोन्ही पेपरांत दहा प्रश्न सारखेच होते. त्यांना जोडप्रश्न म्हणतात. चढावरचे आणि सपाटीवरचे, सगळे शेवटी एकाच रस्त्याला लागावेत तसे. त्या रस्त्यावरची वेळ मात्र थेट तोलता येते.”

शलाकाने स्वतः बोट ठेवून मोजलं. रेवतीचे आठ बरोबर. तिचे पाच. तोलबाने दोन्ही पाळ्यांची सरासरी सांगितली: सकाळी सात, दुपारी चार.

“जोडप्रश्नांवरून दोन्ही पेपरांचे गुण जुळवून सगळ्या ऐंशी जणांना एकत्र तोललं तर रेवतीला साडेबहात्तर,” तोलबा म्हणाला, “आणि तुला पावणेएकोणसत्तर.”

“म्हणजे जागा तिलाही नाहीच?”

“नाही. पण ऐंशीतले अठ्ठावन्न जण तिच्या मागे आहेत. हे तिला माहीत नाही.”

“मग बदल ना निकाल.”

“मला उघडता येत नाही. विद्यार्थ्याचा अर्ज लागतो. उद्या दुपारी निकाल कायम होईल.”

“आणि अर्ज आलाच नाही तर?”

“तर कायम होईल,” तोलबा म्हणाला. त्याने तिला भीती घातली नाही आणि गोंजारलंही नाही.

रिकाम्या वर्गात बसून शलाका पोटभर रडली. मग तिने कागद काढला.

संध्याकाळची लाँच तिचे वडील, आबा, चालवायचे. सौरपत्र्यांचं छप्पर, आवाज म्हणून नाही, नुसतं पाणी कापल्याची सळसळ. केबिनच्या दारावर त्यांनी सोमवारीच ऑइलपेंटने मोठ्ठं ‘शलाका ९५’ लिहिलं होतं. रोपवाटिकेतलं काम उरकून आईही त्याच लाँचने परतायची. दोघांच्या मध्ये उभं राहून शलाकाने सगळं सांगितलं, चढ आणि सपाटीसकट.

आबांनी सुकाणू थोडं वळवलं.

“चुकल्या बाई. चुकलं मशीन. तू चुकलीस का?”

“नाही.”

“मग झालं तर. इतक्या वर्षांत त्या शून्य तासाला आपल्या काठावरचं एक पोर कुणी बोलावलं? तेव्हा नाही कुणाला तोल आठवला. आत्ता कुठं पारडं आपल्याकडं झुकलं, तर तूच हात घालतीयेस व्हय त्यात?”

यात एक शब्द खोटा नव्हता, आणि तेच शलाकाला जास्त लागलं. तिने आईकडे पाहिलं. आईने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “तिचं पुरं होऊ द्या की.”

“आबा, मी निवासी शाळेत गेले तर रेवती जन्मभर समजत राहील की तिला गणित येत नाही. आणि मी मात्र रोज तिथे बसून तिचे आठ आणि माझे पाच मोजत राहीन.” शलाकाने दप्तरातून कागद काढला. “मी उद्या सकाळी अर्ज देणार आहे. त्यात दोन गोष्टी लिहिल्यात. जोडप्रश्नांवरून निकाल पुन्हा तोला. आणि शून्य तास पहिली लाँच आल्यावर घ्या. माझी जागा जाणार, मला माहीत आहे. पुढच्या वर्षी मी परत बसेन. खाली पालकांची सही लागते, तुम्हा दोघांसाठी जागा सोडली आहे.”