बंद करण्याचा क्रम

यवतमाळच्या आमच्या छोट्या कंपनीत इतरांनी लिहिलेले ड्रायव्हर तपासण्याचं काम माझ्याकडे आहे. ड्रायव्हर म्हणजे संगणकाला एखादं यंत्र हाताळायला शिकवणारा प्रोग्राम. त्यात एक नियम पक्का असतो: जे शेवटी सुरू केलं, ते सगळ्यात आधी बंद करायचं.

अक्षयने विहिरीतल्या पाण्याचं अंतर मोजणाऱ्या सेन्सरचा ड्रायव्हर लिहिला होता. सुरुवात बरोबर होती. आधी वीज, मग सेन्सरचे संदेश ऐकणारा भाग. पण बंद करतानाही तो आधी वीजच तोडत होता. ऐकणारा भाग मागे जागाच राहत होता. याच संदेशांवर मोटर चालणार होती. गाळ काढायला माणूस विहिरीत उतरला असताना भलताच संदेश आला तर?

"क्रम उलटा कर," मी म्हणाले.

"करून पाह्यला, ताई. मशीन अडकते." त्याने स्क्रीनवरून नजर काढली नाही. "वीज तोडल्यावरही तो बोलून राह्यला. कोणी तं ऐकाले पाह्यजे."

स्वतःची चूक झाकतोय, असंच मला वाटलं.

म्हणून आम्ही मुकुटबनला गेलो, जिथे तो सेन्सर बसवला होता त्या शेतावर. शेत अक्षयच्या काकूंचं, तुळसाबाईंचं. त्या कडुनिंबाखाली खाटेवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या. दुपारचं स्वच्छ ऊन होतं. सेन्सर मीच विहिरीतून वर ओढला, बॅटरी काढली, लॅपटॉपला जोडणारी वायरही सोडवली. तो खाटेवर काकूंशेजारी ठेवला, तोंड विहिरीकडे. मी लॅपटॉप घेऊन समोर मातीतच बसले.

स्क्रीनवर आकडा आला. खाटेपासून विहिरीच्या कठड्यापर्यंत असेल, तेवढंच अंतर.

"जुना आकडा राहिला असेल," मी म्हणाले.

आकडा कमी झाला.

मी विहिरीकडे पाहिलं. मधे कोणीच नव्हतं. वाळलेलं गवत आणि ऊन.

आणखी कमी झाला.

माझा हात ऐकणारा भाग बंद करायला कीबोर्डवर गेला. अक्षयने मनगट धरलं.

"नका करू, ताई."

"का?"

"मंग तो कुठवर आला, समजत नाही."

आकडा शून्यावर येऊन थांबला.

तुळसाबाईंनी मान वर केली नाही. शेंगांचं टोपलं उचलून मांडीवर घेतलं आणि थोडं सरकून खाटेवर जागा केली.