खोट्यांचा निहार

सुचेताने दुकानाच्या पाटीचा फोटो काढला, तेव्हा तिला वाटलं आपल्याला कुणी बघत नाहीये.

'खोटे प्रॉपर्टीज. विश्वासाचं ठिकाण.' मीरा रोडच्या पेणकरपाड्यातल्या गल्लीत, मेडिकल आणि पोळीभाजी केंद्राच्या मधे, मोठ्या निळ्या अक्षरांत. मैत्रिणीला पाठवायचा आणि दोघींनी पोटभर हसायचं... एवढाच बेत.

"डावीकडून चांगला येतो," मागून आवाज आला. "समोरून काढला की ट्यूबलाइट चमकते."

ती दचकून वळली. मागे एक तरुण उभा होता. हातात कटिंग चहाचा ग्लास, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, आणि चेहऱ्यावर राग असा नाहीच. उलट त्यालाच हसू आवरत नव्हतं.

"सॉरी... तुमचं दुकान?"

"माझंच. निहार खोटे. खरं नाव आहे."

सुचेता खळखळून हसली, आणि मग लाजून ओढणी सारखी करायला लागली. परळची तिची आणि आईची खोली रिडेव्हलपमेंटला गेली होती. दोघींसाठी भाड्याचं घर शोधत ती इथवर आली होती, आणि ज्या एजंटने बोलावलं होतं तो फोनच उचलत नव्हता.

"मी दाखवू?" निहारने विचारलं. "मागच्याच गल्लीत एक आहे."

घर छान होतं. हवेशीर, मोठ्या खिडकीचं. ती खुशीत कपाटं उघडून बघत होती, तेवढ्यात तो म्हणाला, "बेडरूमची ही भिंत पावसाळ्यात ओली होते. वरचे शेजारी भांडकुदळ आहेत. आणि पाणी दिवसाआड."

"असं सांगत बसलात तर तुमचं घर जाणार कसं?"

"आडनाव असं असलं ना, मॅडम, की एकदासुद्धा खोटं बोलायची सोय राहत नाही."

त्या वाक्याला ती हसली नाही. आदल्या वर्षी तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. नीरज नावाचा मुलगा, देखणा, गोड बोलणारा. रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, पण नोकरी कधीच सुटली होती. साखरपुड्यानंतर हे तिला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. तेव्हापासून कुणी गोड बोललं की तिचा जीव आधी आक्रसायचा. आणि हा माणूस घर दाखवायला आणून त्यातले दोष सांगत होता!

महिन्याभरात मायलेकी भाईंदरला जेसल पार्कमध्ये राहायला आल्या. हे दुसरं घरही निहारनेच शोधून दिलं. मग गॅसवाल्याला घेऊन तो आला, गिझरवाल्याला घेऊन आला, आणि एका संध्याकाळी कुणालाच न घेता आला.

"काय बिघडलंय?" सुचेताने दारातच विचारलं.

"काही नाही. इथून जात होतो..." तो थांबला. "नाही. जात नव्हतो. मुद्दाम आलोय."

तिने चपला घातल्या.

खाडीकाठच्या चौपाटीवर दोघं चालायला लागली. ओहोटी होती, चिखलाचा आणि खारट वाऱ्याचा वास येत होता. बाकड्यांवर आजी-आजोबा गुजरातीत गप्पा मारत होते. पलीकडे तिवरांवर बगळे उतरत होते. मग अशा संध्याकाळी रोजच्याच झाल्या. 'अहो'चं 'अरे' कधी झालं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"खोटे हे आलं कुठून पण?" एकदा तिने विचारलं.

"काकांना विचारलंस तर आम्ही मूळचे खोत. गावचा शेतसारा गोळा करणारे, रुबाबदार! कुणा कारकुनाने 'त'चा 'ट' केला आणि आमची वाट लावली."

"आणि बाबांना विचारलं तर?"

"बाबा म्हणतात, गावात साथ आली होती. सरकारी शिपाई आजारी माणसांना उचलून न्यायचे. नेलेली माणसं परत यायची नाहीत. आमच्या एका पूर्वजाने शेजारच्या एकट्या बाईला धान्याच्या कणगीत लपवलं आणि शपथेवर सांगितलं, घरात कुणी नाही. शिपाई गेला. गावाला सगळं माहीत होतं. तेव्हापासून गाव म्हणायला लागलं, ते बघ, खोटे चालले."

"आणि ती बाई?"

"बरी झाली. आणि परत गेलीच नाही." त्याने तिच्याकडे पाहिलं. "माझी खापरपणजी."

वाऱ्याने तिची बट चेहऱ्यावर आली. त्याचा हात उठला... आणि खिशात गेला.

"यातलं खरं कुठलं?"

"पुरावा दोन्हीला नाही."

"मला बाबांचं आवडलं," ती म्हणाली.

"आणि मला तू आवडतेस." त्याने एका दमात बोलून टाकलं आणि लगेच खाडीकडे बघायला लागला.

सुचेताने त्याच्या खिशातला हात बाहेर काढला आणि आपल्या हातात धरला.

घरी मात्र आईने ऐकून घेतलं आणि हातातली भाजी तशीच खाली ठेवली. "मुलगा चांगला आहे गं. पण खोटे? पत्रिकेवर काय छापायचं? एकदा फसलोय आपण. लोक म्हणतील, आता तर पाटी वाचूनच फसायला गेल्या!"

"लोक म्हणतील की तू म्हणतेस?"

"मीच म्हणते," आई डोळे पुसत म्हणाली. "मला भीती वाटते. हे आडनाव घेतलं की तो नीरजच आठवतो."

सुचेताने हे निहारला जसंच्या तसं सांगितलं. तिला वाटलं तो चिडेल. तो नुसतं "बरं" म्हणाला. त्यानंतर चार-पाच संध्याकाळी त्याचा फोन नाही, तो चौपाटीवर नाही. सुचेता एकटीच बाकड्यावर बसून यायची. जेवण जायचं नाही. आई ते बघायची.

रविवारी बेल वाजली. इस्त्रीचा शर्ट घालून निहार दारात उभा होता.

"काकू, मी आडनाव बदलतोय," तो बसण्याआधीच म्हणाला. "खोत करतोय. वकिलांशी बोललो, गॅझेटमध्ये छापून येईल. दुकानाची पाटीही बदलेन."

सुचेता उठून उभी राहिली. "अरे, पण..."

"वडील काय म्हणाले?" आईने मधेच विचारलं.

"काही नाही." निहारचा आवाज उतरला. "दारावरची पाटी काढली, ओल्या फडक्याने पुसली... आणि परत लावली. जेवायला नको म्हणाले."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग बोलायला लागली.

"माझ्या लग्नात ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने सुनंदा लिहिलं. मला आधी कुणी विचारलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, जुनं नाव फार गावंढळ आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही हसले. नंतर कितीतरी दिवस घरात सुनंदा अशी हाक आली, की मला वाटायचं दुसरं कुणी आलंय. माझे वडील यायचे, तेही बिचकत सुनंदा म्हणायचे. त्यांनीच ठेवलेलं नाव त्यांना घेता यायचं नाही." तिने निहारकडे पाहिलं. "माझ्यामुळे तुझ्या वडिलांवर ही वेळ नको. नाव बदलू नकोस, बाळा. मी घाबरले होते, त्यात नावाचा काय दोष?"

आईचं जुनं नाव सुचेताला माहीत होतं; पण त्यामागचं हे सगळं ती पहिल्यांदाच ऐकत होती. ती आईला बिलगून बसली.

"काकू," निहारने हळूच विचारलं, "काय होतं तुमचं नाव?"

"धाकू," आई म्हणाली. लहान मुलीसारखी लाजली.

निहार उठून तिच्या समोर आला.

"धाकूकाकू, मी सुचेताशी लग्न करू का?"

आईने चटकन पदर डोळ्यांना लावला. हसतही होती आणि रडतही. "मला काय विचारतोस? तिला विचार. आम्हाला नाही विचारलं कुणी, तिला तरी विचार!"

तो वळला. सुचेताने हाताची घडी घातली होती, पण गाल तांबूस झाले होते.

"मी लग्नानंतरही दळवीच राहणार," ती म्हणाली.

"राहा."

"आणि नावसुद्धा सुचेताच."

"तीच तर हवीय."

"मग... हो."

आई चहा टाकायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. खिडकीतून खाडीचा वारा येत होता. सुचेताची बट पुन्हा चेहऱ्यावर आली, आणि या वेळी निहारने ती अगदी सावकाश कानामागे सारली.