सतरा मिनिटांचा निळा दोरा

रस्ता आला की तिचा डावा हात आपोआप आडवा व्हायचा. शेजारी लेक असो, मैत्रीण असो, नाहीतर नुसती खांद्यावरची पिशवी. त्या सोमवारी सकाळी तो आडवा झाला, तो थेट एका परक्या माणसाच्या छातीवर.

"थांबा," ती म्हणाली.

तो थांबला. लांब दांड्याचं, अंतर मोजायचं एक चाक ढकलत, त्यावरचे आकडे वाचत, मान खाली घालून तो रस्त्यात उतरणारच होता. पुढच्याच क्षणी लोखंडवाल्यांच्या वखारीच्या भिंतीआडून एक टेम्पो भर्रकन वळला आणि त्या चाकाला चाटून निघून गेला. माणसाचा चष्मा नाकावरून घसरला, एक काडी निखळली आणि स्क्रू कुठल्या कुठे उडाला.

तिने हात काढून घेतला. जरा उशिराच काढला, हे तिच्या नंतर लक्षात आलं. मग तिने त्याला सांगितलं की सकाळी आठ ते साडेआठ या कोपऱ्यावरून एकोणीस गाड्या वळतात आणि त्यातल्या चारच हॉर्न वाजवतात. ती स्वतः मागच्या बोळातूनच जाते, पण आज तिथे पाइपासाठी खणलंय म्हणून नाइलाज झाला.

तो तिच्याकडे बघत राहिला. बिनचष्म्याचा, डोळे बारीक करून.

"तुम्ही मोजलंत?"

"आई सगळंच मोजते," तिचा उजवा हात धरून उभी असलेली पाच वर्षांची लेक म्हणाली. ही सदानकदा काहीतरी गुणगुणत असायची, म्हणून घरात तिला भुंगी म्हणायचे.

भुंगीच्या आईला तिची खुद्द आईसुद्धा म्हणायची, अगं, तू काळजीचं दुकान काढ, गिऱ्हाईक नाही आलं तरी माल कमी पडायचा नाही. ती हसण्यावारी न्यायची. भुंगीचा बाबा तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी, दुसऱ्या संसारात निघून गेला, तेव्हापासून घरातली चार डोळ्यांची राखण तिच्या दोन डोळ्यांवर आली होती. आणि डोळे हाच तिचा व्यवसायही होता. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती.

त्यामुळे तासाभराने तो मोडका चष्मा हातात घेऊन दुकानात शिरला, तेव्हा दोघंही एकदम म्हणाली, "अरे, तुम्ही..."

स्क्रू बसवता बसवता कळलं, तो वस्ती सुधारण्याच्या आराखड्यासाठी आलेला नियोजक होता. चार महिन्यांचं काम. रस्ते, गटारं, दिवे, बाकं, सगळं नव्याने मांडायचं आणि तेही इथे राहणाऱ्यांना विचारून. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये पहिली सभा होती. तुम्ही याच, तो म्हणाला. ती म्हणाली, सभेत मला बोलता येत नाही, घशाला कोरड पडते.

"बोलायचं नाहीच आहे. दोरा लावायचाय."

ते खरंच होतं. दोन पलंग मावतील एवढा वस्तीचा नकाशा त्याने फळ्यांवर ठोकला होता. जो कोणी इथून रोज पायी चालतो, त्याने घरून आपल्या आवडीचा दोरा आणायचा आणि टाचण्या टोचत आपली वाट स्वतः लावायची. तीन महिने नकाशा तिथेच राहणार होता. ज्या बोळातून चाळीस दोरे जातील, तो कायमचा पायी चालणाऱ्यांचा. त्याहून कमी गेले, तर रुंद करून गाड्यांना मोकळा. हात वर करून हे सगळ्यांनी मान्य केलं. लोखंडवाल्यांनीही केलं. मागचा बोळ रुंद झाला तर त्यांचे ट्रक थेट वखारीच्या दारात येणार होते आणि त्या अडगळीच्या बोळातून चाळीस माणसं जात असतील, यावर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता.

तिच्या मनात मात्र हिशेब सुरू झाला. बोळ गेला, तर भुंगीला रोज त्या वखारीच्या कोपऱ्यावरूनच शाळेत जावं लागणार. एकोणीस गाड्या, चार हॉर्न.

तिने पिवळ्या लोकरीचा गुंडा नेला होता. बाकीच्यांचे दोरे सरळसोट गेले. तिचा मात्र घरापासून निघाला तो आधी उजवीकडे, कारण डावीकडच्या फाटकात कुत्रा. मग पलीकडच्या बाजूला, कारण इकडच्या गटाराचं झाकण हलतं. मग परत अलीकडे, कारण तिकडे गच्चीवरच्या कुंड्या कठड्यावर ठेवलेल्या... गुंडा संपत आला तरी शाळा यायची होती. मागे खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, ही बाई शाळेत जाते की वनवासाला?

तो हसला नाही. त्याने खिशातून वही काढली आणि तिच्या टाचण्या एकेक करून उतरवून घेतल्या. प्रत्येक टाचणीला विचारत गेला, इथे काय? इथे का वळलात? तिच्या काळजीवरून आजवर लोकांनी तिची समजूत घातली होती, टोमणे मारले होते. ती कुणी लिहून घेतलेली मात्र तिने पहिल्यांदाच पाहिली.

दुसऱ्या दिवशी तो ती वाट चालायला आला. भुंगीला शाळेत सोडून झालं आणि परतताना पावसाची भुरभुर सुरू झाली. त्याच्याकडे छत्री होती. ती त्याने उघडली आणि धरली हातातल्या नकाशावर. दोघंही बाहेर भिजत राहिली आणि कागद कोरडा ठणठणीत. तिला हसू आवरेना.

"माणसं वाळतात," तो ओशाळून म्हणाला. "शाई फुटली की गेलं."

वखारीच्या कोपऱ्यावर त्याने सांगितलं की इथून वळण बऱ्यापैकी दिसतं, त्याने मोजलंय. तिने त्याला खाली बसायला लावलं. तो भर रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला.

"आता भुंगीच्या उंचीवर आलात. काय दिसतं?"

त्याने मान वळवून दोन्हीकडे पाहिलं. केसांतून पाण्याचा एक थेंब त्याच्या चष्म्यावर ओघळला.

"भिंत," तो म्हणाला. "नुसती भिंत."

त्याच्या त्या आवाजाने तिच्या आत काहीतरी हललं. तिने लगेच दुसरीकडे बघितलं.

त्यानंतर त्याच्या चष्म्याचा स्क्रू वरचेवर सैल व्हायला लागला. आधी आठवड्याने, मग चार दिवसांनी, मग एक दिवसाआड. तो यायचा, काउंटरवर कोपर टेकून उभा राहायचा आणि ती स्क्रू पिळेपर्यंत वस्तीच्या गप्पा सांगायचा. कुणाला बाक उन्हात हवंय, कुणाला सावलीत. कोण आपल्या खिडकीसमोर दिवा नको म्हणतंय आणि का नको म्हणतंय. ती हसायची आणि हसताना हात थरथरायला नको म्हणून श्वास रोखून धरायची. अकराव्या वेळी तिने चष्मा भिंगाखाली धरला.

"एक विचारू? या स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे आहेत. आमच्या पेचकसाचे नाहीत."

"मग कशाचे?"

"पट्टीच्या टोकाचे असावेत. नियोजक लोक वापरतात तसल्या." तिने चष्मा त्याच्यापुढे सरकवला. "हा आपोआप सैल होत नाहीये. कुणीतरी करतंय."

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "दुरुस्ती... बंद करणार का मग?"

"दुकान आठपर्यंत उघडं असतं," ती म्हणाली आणि उगाचच काउंटर पुसायला लागली.

घरी आईने विचारलं, हल्ली तू आरशासमोर गुणगुणतेस, भुंगी तुझ्यावर गेली की तू भुंगीवर? ती म्हणाली, काहीतरीच तुझं. पण रात्री अंथरुणात तिला सवयीने काळजी लागली. चार महिन्यांतले तीन तर संपले. आराखडा झाला की हा जाणार. निघून गेलेल्या माणसाच्या जागी पुन्हा निघून जाणाऱ्या माणसाला कशाला बसवायचं? तिने मनाला बजावलं की आपल्याला फक्त बोळ हवाय. आणि रोज संध्याकाळी भुंगीला घ्यायला गेली की ती बोळातले दोरे तेवढे मोजायची. एकतीस. छत्तीस. शेवटच्या सभेच्या आदल्या दिवशी बरोबर चाळीस. तिने टाचणीवर बोट ठेवून दोनदा मोजले आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

दोरे मोजले, पण ते कुठून निघून कुठे जातात, ते काही तिने पाहिलं नाही.

ते लोखंडवाल्यांनी पाहिलं. रविवारी हॉल भरला होता, पोरं बाहेर मैदानात दंगा करत होती. नियोजकाने चाळीसचा आकडा वाचून दाखवला, तसे लोखंडवाले खुर्चीतून उठले, नकाशाजवळ गेले आणि एका निळ्या दोऱ्यावर जाडजूड बोट ठेवलं.

"हा कुणाचा?"

"माझा," नियोजक म्हणाला. "रोज चालतो त्याने लावायचा, असा नियम आहे. मीही चालतो."

"चालता ना. तुमची खोली ही इथे. ऑफिस हे इथे. हमरस्त्याने सात मिनिटं. मग हा दोरा बोळातून, शाळेवरून, वळसा घालून त्या चष्म्याच्या दुकानापुढून का गेलाय, साहेब? किती वेळ लागतो असा?"

नियोजकाने खोटं सांगितलं असतं तर चाललं असतं. पण नकाशापुढे उभं राहून खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"सतरा मिनिटं."

"रोज?"

"जाताना आणि येताना."

आधी एक बाई खुदकन हसली, मग अख्खा हॉल. शेजारणीने तिच्या कमरेला कोपर मारलं. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं आणि त्याच वेळी गालांवर जी ऊब चढली, ती केवळ लाजेची नव्हती. सतरा मिनिटं. जाताना आणि येताना. इतक्या गाड्या मोजल्या, इतके हॉर्न मोजले, आणि हे काही आपल्या डोळ्यांना दिसलं नाही?

लोखंडवाल्यांचा मुद्दा मात्र हसण्यावारी जाणारा नव्हता. साहेब इथले कायमचे राहणारे नाहीत आणि शिवाय त्यांचं मन तटस्थ नाही. हा दोरा धरायचा नाही.  नियोजकाने एकदा तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाला, तुमचं बरोबर आहे. त्याने एकेक टाचणी काढली. निळा दोरा त्याच्या हातात लोंबत राहिला.

"एकोणचाळीस," तो हळूच म्हणाला.

तिच्या डोळ्यांपुढे वखारीची ती भिंत उभी राहिली. भुंगीच्या उंचीवरून दिसणारी. आता तो तिच्यासाठी बोलू शकत नव्हता, बोलला असता तर कुणी ऐकलं नसतं. तिच्या घशाला कोरड पडली होती. आणि तरी ती उभी होती. कधी उठली, तेच तिला कळलं नव्हतं.

"नियम काय आहे, परत वाचा ना," ती म्हणाली.

त्याने वाचला. जो कोणी इथून रोज पायी चालतो, त्याने आपला दोरा स्वतः लावायचा.

"मग माझी लेक?" तिचा आवाज कापत होता, पण थांबला नाही. "ती माझ्यासोबत रोज चालते. तिच्या पायांनी. मी तिला उचलून नेत नाही. इथल्या सगळ्यांची मुलं त्या बोळातूनच शाळेत येतात आणि या नकाशावर त्यांच्यापैकी एकाचाही दोरा नाही."

 नियोजकाने टेबलावरची यादी उघडली. घरटी माणसांची यादी, सगळी अठरा वर्षांवरची. त्याने कपाळावर हात मारला.

"खाली बसून उंची मोजली," तो म्हणाला, "आणि माणूस मोजायचा विसरलो."

मग दारं उघडली. घामेजलेली, धुळीने माखलेली पोरं आत घुसली आणि लोकरीसाठी झोंबाझोंबी झाली. भुंगी पहिली. स्टुलावर चढून, जीभ बाहेर काढून तिने लाल दोरा लावला. आईइतक्याच वळणांचा, फक्त कुंड्यांखालचं वळण तिला मान्य नव्हतं. चाळीस, एकेचाळीस, पन्नास... शेवटी एक चिमुरडी स्टुलावरूनही पुरेना, तेव्हा लोखंडवाल्यांनीच पुढे होऊन तिला उचलून धरलं. ती त्यांची नात होती.

"आजोबा, मी बोळातूनच येते," तिने सांगितलं.

"लाव बाई, लाव," लोखंडवाले म्हणाले. "ट्रकांना काय, उभे राहतील लांब."

सभा सुटली. भुंगी पुढे उड्या मारत होती. बोळात वाळत घातलेल्या चादरींचा साबणाचा वास भरून राहिला होता. तो तिच्या बाजूने चालत होता, बोटाभोवती निळा दोरा गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत.

"याचं आता काय करू?"

"तुम्ही पुढच्या महिन्यात जाणार," ती म्हणाली. "सोबत न्या. आठवण."

"बांधकाम सुरू झालं की दोन वर्षं देखरेखीला कुणीतरी लागतं. मी अर्ज केलाय. मंजूर झालाय."

तिने पावलं मंद केली. "अर्ज कधी केलात?"

"दुसऱ्यांदा स्क्रू सैल केला... त्या दिवशी."

 हसू दाबताना तिच्या ओठांची फार ओढाताण होत होती. बोळाचं तोंड जवळ आलं आणि नेहमीसारखा तिचा डावा हात आडवा झाला. त्याच्या छातीवर. तो थांबला. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. चिटपाखरूही नव्हतं.

"काही येत नाहीये," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. पण हात तिने काढला नाही.