घडी घातलेली शाब्बासकी

"शाब्बास" ऐकून कुणाला रडू येतं का? तेरा वर्षांच्या शलाकाला यायचं. आणि तिचे खो-खोचे प्रशिक्षक दक्षसर तर यंत्रमानव होते. खोटं बोलायची सोय त्यांच्यात बसवलेलीच नव्हती.

"उद्या अंतिम सामना मी खेळणार नाही," तिने सुमनआत्याला सांगून टाकलं. आत्या यंत्रमानव दुरुस्त करायची. "सर माझ्यावर चिडलेत."

"काय म्हणाले?"

"'शाब्बास, सूर छान मारलास.'"

"अरे बापरे! फारच लागट बोलले गं."

आत्याने सरावाचं चित्रण लावलं, आवाज बंद करून. पडद्यावर दक्षसर हाताची घडी घालून, मान आभाळाकडे करून ताठ उभे होते.

"आता सांग, काय म्हणतायत?"

"'हिला संघात कुणी घेतलं?'" शलाका म्हणाली आणि थबकली.

"याला म्हणतात अशाब्दिक संवाद (शब्दांवाचून नजर, चेहरा, हात यांनी केलेलं बोलणं). तोंड एक सांगतं नि हात दुसरंच, तेव्हा आपण बहुधा हातांचं खरं मानतो. तान्ह्या बाळाला शब्द कुठे कळतात? आईचा चेहरा मात्र कळतो. ती सवय जुनी."

"पण सर, तुम्ही घडी का घालता?" शलाकाने तपासणीसाठी आत्याकडे आलेल्या, कोपऱ्यात उभ्या असलेल्या दक्षसरांनाच विचारलं.

"वीजबचत. शाळा समितीचा ठराव आहे. आणि वर पाहतो, कारण सौरपटल (उन्हापासून वीज बनवणारी पट्टी) माझ्या कपाळावर आहे. समितीने माझ्यात शाब्बासकीचे शब्द भरपूर भरले. हातांचा विषय बैठकीत निघाला नाही."

मग शिष्येने गुरूला शिकवलं. वाकायचं, तळवे उघडे ठेवायचे, नजरेला नजर द्यायची. मान डोलवायला शिकल्यावर सर थांबायलाच तयार नव्हते.

दुसऱ्या दिवशी हलग्यांच्या कडकडाटात एकही शब्द ऐकू येईना. शेवटचा गडी टिपायचा होता, वेळ संपत आली होती. बसल्या जागेवरून शलाकाने सरांकडे पाहिलं. विजेची पर्वा न करता सर गुडघ्यांवर वाकले होते. तळवे उघडे, डोळे थेट तिच्यावर. मान एकदाच हलली.

पाठीवर थाप पडली. "खो!"

शलाकाने सूर मारला. बोटं टाचेला लागली, आणि मग शिटी वाजली.

जिंकल्या! मुलींनी तिला उचललं. दक्षसर टाळ्या वाजवत होते. दोनपैकी एक टाळी हवेतच जात होती, पण आज कुणाला रडू आलं नाही.

"एक शंका," ते म्हणाले. "गेले महिनाभर तुझे खांदे पडलेले होते. तेही बोलणंच होतं ना?"

"हो, सर."

"मग उद्यापासून मला ते ऐकायला शिकव."