धावदोरा

दिवस कलला की मुंजाजी विडी विझवायचा, उरलेलं थोटूक कानावर ठेवायचा आणि दिवसभराच्या कचऱ्यावर चिंध्या अंथरायला निघायचा. काम साधंच होतं. गावाचा कचरा ट्रॅक्टरने रेल्वे फाटकापलीकडच्या खड्ड्यात यायचा. तो दाताळ्याने सपाट करायचा आणि अंधार पडायच्या आत झाकून टाकायचा. उघडा राहिला की माशा, कुत्री, घारी, आणि वारा सुटला की अर्ध्या गावाच्या अंगणात कागद. आधी झाकायला मुरूम असायचा. अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात मुरमाची खाण पाण्याने तुडुंब भरली, आणि मुरूम यायचा बंद झाला.

तेव्हा कुणीतरी हिकमत काढली की तात्यारावांच्या वखारीतला उरलासुरला माल वापरा. तात्यारावांची चिंध्यांची वखार होती. जुन्या कपड्यांतलं सुती निवडून कागदाच्या कारखान्याला जायचं. टेरिलिन, नायलॉन, शिवणीच्या जाड पट्ट्या, फाटक्या अस्तरांचे तुकडे यांना मात्र कुत्रं विचारायचं नाही. ते सगळं ट्रॉलीत भरून खड्ड्यावर यायला लागलं. मुंजाजी ते कचऱ्यावर पसरायचा आणि उडू नये म्हणून वरून फुटक्या कौलांचे तुकडे टाकायचा. लांबून बघणाऱ्याला तिथे कुणीतरी रंगीबेरंगी वाळवण घातलंय असं वाटे.

वखारीत तो माल निवडणाऱ्या बायांत मुंजाजीची बायको कडूबाई होती. नाव कडू, पण बाई गुळाची ढेप. संध्याकाळी घरी येताना ती खड्ड्याच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि नवऱ्याचं काम तपासायची. "अवं, कडा उघड्याच ठिवल्या की. लेकराला बी असंच पांघरूण घालताव का?" असं तिने म्हणायचं, आणि कचऱ्याला काय थंडी वाजते का, असं त्याने म्हणायचं. हे भांडण वर्षानुवर्षं चाललं. एखाद्या दिवशी ती काही न बोलता पुढे गेली तर मुंजाजीला जेवण गोड लागत नसे.

वखारीतले धड तुकडे मागून आणून ती वाकळा शिवायची. तिचा धावदोरा शंभरात ओळखू येई, कारण टाका डावीकडे जरा कललेला असायचा. सुई ओवताना दोऱ्याचं टोक ती तोंडात धरून ओलं करायची. गल्लीत बाळंतपण निघालं की कडूबाईचं दुपटं ठरलेलं. मग तिच्याच लेकीला, बायनाला, दिवस गेले. जावई येलदरीला धरणावर मासे धरायचा. पहिलटकरीण माहेरी यायची म्हणून कडूबाईने नातवंडाचं दुपटं शिवायला घेतलं आणि भाद्रपदात तापाने अंथरूण धरलं. पडल्या पडल्याही ती शिवत होती. दुपटं अर्ध्यावर होतं, तेव्हा ती गेली.

मयताचं अंथरूण घरात ठेवत नाहीत, शिवेबाहेर टाकतात. मुंजाजीची शीव म्हणजे त्याचाच खड्डा. गोधडी, उशी आणि तिच्यावर पडलेलं ते अर्धं दुपटं त्याने स्वतःच्या हाताने तिथे ठेवलं आणि वरून चिंध्या अंथरल्या. त्या संध्याकाळी त्याने एकही कड उघडी ठेवली नाही. काठावर उभं राहून बघणारं कुणी नव्हतं, म्हणून तो तिथेच बसून लहान पोरासारखा रडला.

कार्तिकातल्या एका धुक्याच्या सकाळी तो नवा कचरा घालायला जागा करत होता. कालच्या चिंध्यांत त्याने दाताळं रुतवलं आणि ओढलं. एरवी पाच-दहा तुकडे दाताला अडकून येतात. त्या दिवशी सगळा थरच उचलला गेला, एका कापडासारखा. मुंजाजी गुडघ्यावर बसला. लाल नायलॉनला निळी पट्टी, निळ्या पट्टीला फुलाफुलाचं अस्तर, सगळं एकमेकांना शिवलेलं होतं. त्याने टाक्यावरून बोट फिरवलं. टाका डावीकडे कललेला होता.

दुसरा कुणी असता तर फाटकापर्यंत पळत सुटला असता. मुंजाजी नाही पळाला. त्याच्या अंगावर काटा आला, हे खरं, पण त्याच्या मागोमाग त्याला इतका आनंद झाला की त्याने धुक्यात आजूबाजूला बघितलं आणि हळूच विचारलं, "आज कडा बराबर हायत का?"

तेव्हापासून रोजचंच झालं. संध्याकाळी तो सुटे तुकडे पसरायचा, सकाळी वाकळ तयार. तो दिवसभराचं तिला सांगत बसायचा: भाकरी करपली, जावयाचा सांगावा आला, गुडघा दुखतोय. बाजारातून येताना दोऱ्याची रिळं आणून काठावरच्या दगडावर ठेवायला लागला. ट्रॅक्टरवाल्या सितारामने ती रिळं बघितली, दाताळ्याने उचललेली वाकळही बघितली, आणि त्या दिवसापासून तो ट्रॉली रिकामी करताना इंजिन बंद करेनासा झाला. मुंजाजीचं डोकं फिरलंय आणि रात्री उठून तोच शिवतोय, असं त्याने स्वतःची समजूत घालायला ठरवून टाकलं होतं. मुंजाजीला साधं बटण लावता येत नव्हतं.

मार्गशीर्षात बायना आली. खड्ड्याच्या काठाला, हाकेच्या अंतरावर, मुंजाजीची पत्र्याची खोली होती. तिच्या भिंतीवर कुणीतरी निळ्या रंगात नामांतराची घोषणा लिहिली होती, तिचे पोपडे निघाले होते. त्याच भिंतीला दोरी बांधून बायना धुणं वाळत घालायची. आईशिवायचं माहेर तिला खायला उठे, पण बापासाठी ती हसून राहायची. आणि ती आल्यापासूनच मुंजाजीला दिसायला लागलं की शिवलेली कड खड्ड्याच्या बाहेर आली आहे.

पहिल्यांदा ती काठावरच्या दगडाशी होती. मग पाण्याच्या चराच्या अलीकडे. त्याने विळ्याने कापून ती मागे सारली. दुसऱ्या सकाळी ती चर ओलांडून आली होती. त्याने पुन्हा कापली, ती पुन्हा जोडली गेली, आणि प्रत्येक वेळी हातभर पुढे. एका सकाळी त्या कडेला वखारीतला नसलेला तुकडा दिसला. तो बायनाच्या पोलक्याचा होता. दोरीवर पोलकं तसंच वाळत होतं, फक्त त्याची एक बाही नव्हती.

मुंजाजीने त्या दिवसापासून रिळं आणली नाहीत.

बाळंतपणासाठी कडूबाईची धाकटी बहीण तानुबाई पालमहून एसटीने आली. बाई धीराची, तिच्या हातून पालमची निम्मी पोरं जन्माला आलेली. येताना तिने लेकरासाठी पांढरं नवं दुपटं आणलं होतं. आल्या आल्या परसाकडे म्हणून ती मागे गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मुंजाजी बघायला गेला तर ती वाकळेच्या कडेशी उकिडवी बसली होती. तिचा हात टाक्यावर होता.

"दाजी, ही अक्का हाय," ती म्हणाली.

मुंजाजीने मान हलवली. मग त्याने तिला सगळं सांगितलं: अंथरूण, अर्धं दुपटं, स्वतःच्या हाताने झाकलेलं. तानुबाई घराकडे बघत ऐकत राहिली. आत बायना काहीतरी गुणगुणत भाकरी थापत होती.

"तिचं अपुरं ऱ्हायलंय," तानुबाई अगदी खालच्या आवाजात म्हणाली. "ते पुरं करायला ती घराकडं यायलीय. पुरं करून लेकराला देऊन जाईल... का लेकराला त्यात गुंडाळून घेऊन जाईल... ते मला सांगता यायचं न्हाई."

चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला बायनाच्या पोटात कळा सुरू झाल्या. तानुबाईने चूल पेटवली, पाणी ठेवलं, मुंजाजीला बाहेर घालवलं आणि आतून कडी लावली. बाहेर थंडी होती. कुजलेल्या भाज्यांचा आणि ओल्या कापडाचा वास जमिनीलगत साचला होता. वाकळेची कड धुण्याच्या दगडापर्यंत आलेली होती. तिथून उंबरा चार पावलं. मुंजाजी थोडा वेळ उभा राहिला. मग तो कडेच्या आणि उंबऱ्याच्या मधे, जमिनीवर फतकल मारून बसला.

आधी काही नव्हतं. मग लेकीच्या कण्हण्याच्या मधल्या शांततेत त्याला ऐकू आलं: सर्र... थांबून पुन्हा सर्र... जाड कापडातून दोरा ओढल्याचा आवाज. संसारभर तो हाच आवाज ऐकत झोपला होता. तिच्या मिश्रीचा वास आला. अंधुक उजेडात समोरचं कापड जरा फुगलं आणि बसलं.

"कडू..." तो म्हणाला. "आत पोरगी हाय. तिला लय तरास व्हायलाय. लेकराला हात लावू नगंस. तुला कुणाला न्यायचंच असंल तर मला ने. तुझ्याबिगर मी बी घरात नुसता पडून हाय."

सर्र... आवाज थांबला. कापडाची कड त्याच्या पावलांवर आली. घाई नव्हती त्यात. पावलांवरून पोटऱ्यांवर, पोटऱ्यांवरून गुडघ्यावर, दुखऱ्या गुडघ्यावर जरा जपून. मग दोन्ही बाजूंनी ती पायाखाली खोचली गेली, तो दमून आडवा झाला की कडूबाई खोचायची तशीच. मुंजाजीला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त ती जवळ असल्याचं सुख वाटत होतं. डोळे भरून आले. त्याने मान मागे टाकली. इथेच, असंच संपलं तरी चालेल असं त्याला मनापासून वाटलं. शेजारी आवाज पुन्हा सुरू झाला. सर्र... सर्र... त्याच्या मांडीला अगदी लागून.

आतून लेकरू रडलं.

मुंजाजी दचकून उठायला गेला आणि उठता येईना. धोतर मांडीपासून घोट्यापर्यंत वाकळेला शिवलेलं होतं. त्याने ओढलं. पलीकडून कुणीतरी तितक्याच जोराने ओढलं.

"सोड गं," तो म्हणाला. कापड घट्टच राहिलं. "येईन मी... देवाशपथ येईन... पर आज न्हाई. लेकराचं तोंड बघू दे."

दोरा सैल झाला. त्याने झटका दिला, धोतराचा तुकडा टरकन फाटून मागे राहिला आणि तो धडपडत दाराशी गेला. तानुबाईने कडी काढली. नात झाली होती. बायना घामाने थबथबली होती, पण शुद्धीवर होती आणि हसत होती. मुंजाजीने लेकराला हातात घेतलं, त्याच्या कपाळाला नाक लावलं, आणि एवढंसं वजन हातात घेऊन किती तरी वेळ उभाच राहिला. मग तानुबाईने दाराला कडी घातली, वर आडणा लावला आणि लेकराला पांढऱ्या दुपट्यावर घेऊन भिंतीला टेकून बसली.

सकाळी ऊन पडल्यावर मुंजाजी बाहेर गेला. धुण्याच्या दगडापासून खड्ड्याच्या तळापर्यंत चिंध्याच चिंध्या होत्या, सगळ्या सुट्या. कुठे एक टाका नव्हता. वारा आला तशा त्या उडून बाभळीला अडकायला लागल्या. तानुबाई दारात येऊन बघून गेली आणि म्हणाली, "गेली बघा." मुंजाजीने सुटकेचा श्वास सोडला आणि लगेच त्याला फार एकटं वाटलं. दिवसभर चिंध्या गोळा कराव्या लागणार म्हणून तो दाताळं शोधू लागला.

तेवढ्यात तानुबाईने त्याला हाक मारली. ती लेकराला न्हाऊ घालायला उठली होती. लेकरू आईजवळ होतं, ठणठणीत, मुठी चोखत. तानुबाईने दुपटं पुढे केलं. पांढऱ्या दुपट्याच्या मधोमध मुंजाजीच्या धोतराचा तुकडा बसवलेला होता. तीन बाजू शिवून झाल्या होत्या. चौथी उघडी होती आणि तिथे सुई लटकत होती.

"रातभर माझ्या मांडीवर व्हतं," तानुबाई म्हणाली. "वर लेकरू निजलेलं. डोळ्याला डोळा लागला न्हाई माझा."

बायनाने अंथरुणावरून काय झालं म्हणून विचारलं. काही नाही, असं मुंजाजीने सांगितलं. दोरा तोडून टाकावा म्हणून त्याने सुई उचलली आणि दोऱ्याचं टोक चिमटीत धरलं.

टोक ओलं होतं.